नागपुरात, विदर्भातल्याच सोयाबीन-गव्हापासून घरी सोया सॉस करता येईल का?

येतो की. मी करते. माल इथलाच, ऊनही इथलंच. खरी परीक्षा पहिल्या तीन दिवसांची, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

नवं सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं. परतीच्या पावसात भिजलेले, डागी दाणे वेचून टाका. पेरणीतून उरलेलं बियाणं कुणी फुकट दिलं तरी नको, त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेलं असतं. गहू लोकवन चालतो.

१ किलो सोयाबीन रात्रभर भिजवून बोटांत चिरडेल इतकं शिजवा आणि निथळून कोमट होऊ द्या. १ किलो गहू तांबूस भाजून जाडसर भरडा. त्यात कोजीचं विरजण, म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीचे बीजाणू, मिसळा आणि हा भरडा सोयाबीनला चोळा. विरजण विकतच आणा. हवेतली बुरशी आपोआप धरेल या भरवशावर राहू नका. ओरायझीची सख्खी बहीण अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि दिसतेही तशीच पिवळट हिरवी. डोळ्यांनी फरक कळत नाही.

मिश्रण परातीत दोन बोटं जाडीचं पसरून वर ओलसर सुती कापड टाका. ३० अंशांच्या आसपास ऊब हवी. जानेवारीत आपल्याकडे रात्री चांगलीच थंडी असते, तेव्हा थर्माकोलच्या पेटीत गरम पाण्याची बाटली ठेवली की भागतं. पण दुसऱ्या दिवसापासून बुरशी स्वतःच तापते. मग उलट काळजी: पारा ३५ च्या वर चढू लागला की हाताने मोकळं करा, सऱ्या पाडा. ४० ओलांडले तर बुरशी मरगळते, दुसरेच जिवाणू माजतात, दाणे चिकट होऊन अमोनियाचा भपकारा येतो. ती घाण फेकूनच द्या. म्हणूनच मे महिन्यात हा उद्योग मी कुणाला सुचवणार नाही, कूलर कितीही मोठा असो.

तिसऱ्या दिवशी दाण्यांवर दाट बुरशी धरली की साडेतीन लिटर पाण्यात १ किलो खडे मीठ विरघळवून त्यात सगळं ओता. चिनी मातीची बरणी उत्तम. घरच्यांना मीठ भयंकर वाटेल, पण कमी करायचं नाही. त्या खारटपणातही तगणारे जिवाणू आणि यीस्टच पुढे आंबटपणा अन् वास आणतात, बाकीचे मरतात. पहिले पंधरा दिवस रोज ढवळा, नंतर आठवड्यातून एकदा. वर पांढरी साय आली तर ढवळून आत घाला.

संक्रांतीला घातलेला सॉस उन्हाळा खाऊन दिवाळीपर्यंत तयार होतो. थंड मुलखात याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. मात्र पारा ४५ ला टेकला की बरणी घरातल्या गार कोपऱ्यात हलवा, नाहीतर रंग गडद येतो आणि वास उडतो.

शेवटी मलमलीतून पिळा, ८० अंशांपर्यंत तापवा, गाळ बसू द्या, बाटलीत भरा. गाड्यांवरच्या स्वस्त सॉसशी तुलना करू नका. त्यातला बराचसा सॉस सोयाबीनची तेल काढलेली पेंड आम्लात उकळून, कॅरॅमलचा रंग देऊन काही दिवसांत केलेला असतो.

पिळून उरलेला चोथा मी सावजी रश्श्यात चमचाभर घालते. मीठ तेवढं बेताने.