आमच्या ऑफिसच्या मेल सर्व्हरवरून जीमेलला जाणारे मेल परत येतात, बाकीकडे जातात. सर्व्हरच बदलावा का?

नाही. निदान आज तरी नको.

तुम्ही लिहिलंय की पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) आहे, सेटिंगला कोणी हात लावलेला नाही, मागच्या आठवड्यात फक्त नवीन इंटरनेट लाइन घेतली, आणि व्हेंडर म्हणतोय ‘सर्व्हर जुना झालाय, क्लाउडवर चला’. हे वाक्य मी भोसरीत ऐकलंय, अगदी याच सुरात, म्हणून लिहायला बसलो. मेल सर्व्हर म्हणजे टेम्पोचं टायर नव्हे झिजायला. मेल पाठवण्याचा नियमसंच एसएमटीपी १९८२ चा आहे आणि जीमेलसुद्धा तोच बोलतो.

आधी परत आलेला मेल उघडा आणि त्यातला आकडा वाचा. कोणी वाचत नाही, सगळे ‘मेल जात नाही’ एवढंच सांगत फोन करतात. चारने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरती अडचण. पोस्टफिक्स स्वतःच पाच दिवस प्रयत्न करत राहतो. पाचने सुरू होणारा म्हणजे सरळ नकार. ५५० च्या पुढे ५.७.२६ असेल तर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे त्याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांत घोळ आहे. ५.७.२५ असेल तर तुमच्या आयपीला (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्याला) पीटीआर, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, नाही. माझा अंदाज दुसऱ्यावर आहे. नवीन लाइनबरोबर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, आलं असणार. सर्व्हर आता जीमेलकडे त्या पत्त्यावरून जातोय, आणि त्या पत्त्याचा पीटीआर कोणी लावलेलाच नाही. बऱ्याच लहान कंपन्यांचे सर्व्हर अजून जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ वरच मेल घेतात, म्हणून तिकडे सगळं सुरळीत दिसतं. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंग फाइलमध्ये आयनेट प्रोटोकॉल्स आयपीव्ही४ करा आणि पोस्टफिक्स पूर्ण थांबवून परत चालू करा, नुसत्या रीलोडने हा बदल लागू होत नाही. लाइन बदलली म्हणजे आयपीव्ही४ पत्ताही बदलला असेल, तर त्याचाही पीटीआर आणि एसपीएफ बघा. पीटीआर डोमेनवाला लावून देत नाही, ज्याची लाइन आहे तोच देतो.

आता ‘सर्व्हर जुना’ या विषयाकडे येतो.

मी भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणजे टोनर बदलण्यापासून मेल सर्व्हरपर्यंत सगळं. मालकांचे मेहुणे मार्केटिंग बघायचे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शन होतं, त्यात आमचा स्टॉल. मेहुण्यांनी कुठूनतरी पेनड्राइव्हवर ‘इंडस्ट्रीचा डेटाबेस’ विकत आणला आणि बुधवारी संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, आउटलुकमधून मेल मर्ज (यादीतल्या प्रत्येकाला तोच मेल) लावला. आमंत्रण, सोबत ब्रोशरची पीडीएफ. गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. कारखान्यात वॉचमन सोडून कोणी नाही आणि सर्व्हर बिचारा इमानदारीत दिवसभर मेल ढकलतोय.

शुक्रवारी सकाळी डिस्पॅचचा मुलगा धावत आला. गाडी गेटवर भरून उभी, आणि इन्व्हॉइसचा मेल गिऱ्हाइकाकडून परत आलेला. मी सर्व्हरचा लॉग (केलेल्या कामाची नोंदवही) बघितला तर यादी संपेचना. निम्म्याहून जास्त ओळींत ‘असा युजर नाही’. विकत घेतलेल्या याद्या अशाच असतात: बंद पडलेल्या कंपन्या, सोडून गेलेले मॅनेजर, आणि मध्ये पेरलेले स्पॅम ट्रॅप. ट्रॅप म्हणजे असे पत्ते ज्यांना शहाण्या माणसाने मेल पाठवायचं कारणच नाही. आमचा आयपी स्पॅमहाउसच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची काळी यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत गेला होता.

लॉगमध्ये कोणी काय केलं ते लपत नाही. एका मेलचा क्यू आयडी (सर्व्हरने त्याला दिलेला क्रमांक) धरून मागे गेलं की तो कुठल्या मशीनवरून, कुठल्या लॉगिनने आला ते दिसतं. प्रत्येक आयडी मार्केटिंगच्या लॉगिनवर जाऊन थांबत होता. मी ती पानं छापून मालकांच्या केबिनमध्ये नेली.

मेहुणे म्हणाले, “हे काय, तूच लिहितोस ना हे सगळं?”

“साहेब, हे सर्व्हर लिहितो.”

“सर्व्हर तुझाच ना?”

मालक हसले. एवढ्यावर प्रकरण मिटलं. त्याच बैठकीत मेहुण्यांनी एक ‘एजंट’ही काढला, जो पैसे घेऊन यादीतून नाव काढून देणार होता. स्पॅमहाउस नाव काढायला एक रुपयाही घेत नाही. मूळ दुखणं बंद करून फॉर्म भरायचा. दुखणं चालू ठेवून नाव काढलं तर परत लागतं, आणि पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकत नाही. एवढं सांगूनही निष्कर्ष काय निघाला? सर्व्हर जुनाट आहे, क्लाउडवर जाऊ.

गेलो. गूगल वर्कस्पेस घेतलं, ज्या व्हेंडरने विकलं त्यानेच डीएनएस (डोमेनच्या नोंदी) केलं. आधीच्या एसपीएफ नोंदीत गूगलचं नाव जोडायचं सोडून त्याने शेजारी दुसरी एसपीएफ नोंद टाकली. एका डोमेनला दोन एसपीएफ असल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. ईआरपीचे (खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे) मेल अजून जुन्याच सर्व्हरवरून जात होते, तिथे डीकेआयएमची सही नव्हती, त्यामुळे पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) थेट स्पॅममध्ये. सप्लायर फोन करून विचारतायत, पीओ पाठवलीत का? नोंद मी जोडून एक केली. मेहुणे तेव्हाही म्हणत होते, हे जुन्या सर्व्हरमुळे.

मग दिवाळी आली. शुभेच्छा, तोच पेनड्राइव्ह. वर्कस्पेसमध्ये एका खात्यातून दिवसाला दोन हजार मेलची मर्यादा असते. मेहुण्यांचं खातं धनत्रयोदशीच्या सकाळी गोठलं, आणि त्यांची महत्त्वाची कोटेशनं त्याच खात्यातून जायची होती. या वेळी केबिनमध्ये मला बोलावलं नाही. शिव्या देण्यासाठी या वेळी जुना सर्व्हरही वाटेत नव्हता.

आता पुढचं आधी सांगायला हवं होतं. लॉग वाचणारा माणूसच ऑफिसात नसेल, दहा-बारा मेलबॉक्स असतील, तर खुशाल क्लाउडवर जा, त्यात कमीपणा नाही. तुमचा सर्व्हर साध्या ब्रॉडबँडवर, बदलत्या आयपीवर असेल तर तो आयपी स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या) असण्याची शक्यता मोठी, आणि त्यात तुमचा दोषही नाही. स्टॅटिक आयपी घ्या नाहीतर बाहेर जाणारे मेल एखाद्या रिले (तुमचे मेल पुढे पोचवणाऱ्या) सेवेतून पाठवा. स्वस्त व्हीपीएसचा (भाड्याच्या आभासी सर्व्हरचा) शेजार वाईट असतो, तिथे मात्र आयपी बदलणंच बरं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे जाणाऱ्या प्रत्येक मेलला एसपीएफ किंवा डीकेआयएम, आणि चालू पीटीआर लागतो. दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही, शिवाय डीमार्क (ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ती नोंद). आणि ‘हे स्पॅम आहे’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावं लागतं. यातलं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क क्लाउडवर गेलात तरी तुमच्याच डोमेनच्या डीएनएसमध्ये करायचं आहे, व्हेंडर ते सांगणार नाही.

आमंत्रणं आणि शुभेच्छा पाठवायच्याच असतील तर वेगळा सबडोमेन घ्या, मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या. इन्व्हॉइस ज्या वाटेने जातात त्या वाटेवर त्यांना फिरकू देऊ नका. आणि एका लॉगिनला तासाला किती मेल जाऊ द्यायचे त्याची मर्यादा सर्व्हरवर आजच घाला, मालकांच्या लॉगिनसकट. मालक विचारतील का, तर म्हणा जीमेलचा नियम आहे. माझ्या आताच्या ऑफिसात मी हेच सांगितलंय, अजून कोणी तपासून पाहिलेलं नाही.