तीन हजार शब्द पाठ केले, तरी रायटिंगला बँड ६ च!

प्रश्न : ताई, मी आयल्ट्सची, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या इंग्लिशच्या परीक्षेची तयारी करतेय. चार महिन्यांत वर्डलिस्टमधले जवळपास तीन हजार अवघड शब्द मराठी अर्थासकट पाठ केले, तरी प्रॅक्टिस टेस्टमध्ये रायटिंगचा बँड, म्हणजे नऊपैकी मिळणारा गुण, ६ च्या वर जातच नाहीये. मला ७ हवाय. निबंधातलं एक वाक्य पाठवतेय : 'गव्हर्नमेंट शुड अमेलिओरेट द प्लेथोरा ऑफ पोल्यूशन'. परीक्षेला दोन महिने आहेत, अजून किती शब्द करू?

उत्तर : अगं, सध्या नवीन एकही नको. तुझी मेहनत दिसतेय, स्पेलिंगसुद्धा एकही चुकलेलं नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं, कारण शब्द तुला येतात पण ते कुणाशेजारी बसतात ते तुला कुणी सांगितलंच नाही. मराठीत बघ, पाऊस मुसळधार आणि वारा सोसाट्याचा. उद्या कुणी 'सोसाट्याचा पाऊस' म्हणालं तर कळेल आपल्याला, पण कानाला लगेच खटकेल. इंग्लिशमध्येही तसंच, रेन हेवी असतो आणि विंड स्ट्राँग. आता तुझं वाक्य घे. प्लेथोरा म्हणजे भरमसाठ संख्या, 'प्लेथोरा ऑफ' नंतर साधारण मोजता येतील अशा गोष्टी येतात, ऑप्शन्स वगैरे, आणि पोल्यूशन मोजता येत नाही. अमेलिओरेट म्हणजे वाईट परिस्थिती सुधारणं, त्याच्यासोबत कंडिशन्स चालेल, पण 'प्लेथोरा' कसा सुधारणार? त्यापेक्षा 'द गव्हर्नमेंट शुड कर्ब एमिशन्स फ्रॉम फॅक्टरीज' लिही, कर्ब म्हणजे आळा घालणं, छोटासा शब्द आहे पण एमिशन्सशी, म्हणजे बाहेर सोडल्या जाणाऱ्या धुराशी-वायूंशी, त्याचं छान जमतं आणि तुला नेमकं काय म्हणायचंय तेही कळतं.

रायटिंगचे मार्क चार निकषांवर असतात आणि चौघांना सारखंच वजन, म्हणजे शब्दसंपत्तीचा वाटा फक्त पाव. त्यातही बँड ७ साठी कमी वापरातले शब्द हवेत हे खरं, पण सोबत स्टाइल आणि कोलोकेशनची, म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर जातो याची, जाण दिसायला हवी असं निकषातच लिहिलंय. जड शब्द चुकीच्या जागी आला तर वाक्याचा अर्थच गढूळ होतो, मग नुकसान त्या पावापुरतं राहत नाही.

लिस्टच हवी असेल तर अकॅडमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी घे, अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली. त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, म्हणजे अ‍ॅनलाइझ, अनॅलिसिस, अ‍ॅनलिटिकल हे सगळे मिळून एक कुटुंब. मोठ्याने म्हणून बघ, प्रत्येकात जोर वेगळ्या जागी पडतो, ते स्पीकिंगला कामी येतं. यादी दहा भागांत आहे आणि सगळ्यात जास्त वापरातली ६० कुटुंबं पहिल्या भागात, दोन महिन्यांत पहिले तीन भाग नीट झाले तरी मला आनंद होईल.

आणि ते मराठी अर्थ. एका शब्दासमोर एकच मराठी शब्द लिहिला की आपण फसतो, हे मी वह्या तपासताना सारखं बघते. 'परिणाम' घे ना, आपल्याला हा एकच शब्द पुरतो, पण इंग्लिशमध्ये इफेक्ट आहे, इम्पॅक्ट आहे, आउटकम आहे, कॉन्सिक्वेन्स आहे. कॉन्सिक्वेन्स बहुतेक वेळा वाईटच असतो, इम्पॅक्टनंतर 'ऑन' येतं, आउटकम म्हणजे शेवटी काय निष्पन्न झालं ते. चौघांसमोर 'परिणाम' लिहून ठेवलंस तर परीक्षेत निवडणार कशी?

म्हणून पाठांतराची छोटी कार्डं कर, पण कार्डवर नुसता शब्द लिहूच नकोस, वाक्य लिही आणि त्यात गाळलेली जागा ठेव, मागे उत्तर. वाक्य तुझ्या स्वतःच्या निबंधातलं असेल तर फारच छान. उजळणी वाढत्या अंतराने कर, आज, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, प्रत्येक अंतराला एक खोकं ठेव, बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात आणि चुकलेलं परत पहिल्या खोक्यात. ही खोक्यांची पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितली, फोनवर करायचं तर अंकी नावाचं अ‍ॅप आहे, अंतराचा हिशोब तेच ठेवतं. दिवसाला आठ-दहा कार्डं खूप झाली.

आज एवढंच कर, जुने पाच निबंध काढ आणि पाठ केलेला प्रत्येक जड शब्द अधोरेखित कर. मग चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, तो शब्द उघडून फक्त उदाहरणाची वाक्यं वाच, अर्थ नको. तुझ्या वाक्यातला शेजारी तिथे कुठेच दिसला नाही तर तो शब्द खोड आणि तुला आधीपासून येणारा साधा शब्द तिथे लिही. शेवटचे दोन आठवडे नवीन काही उघडू नकोस, ४० मिनिटं लावून अडीचशे शब्दांचा निबंध लिहीत राहा, आणि त्यातला एक मला पाठव, मी बघेन.