‘अनुभव’च्या रकान्यात काय लिहू?

प्रश्न : यंदा बी.कॉम. झाले. पुण्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी बायोडेटा पाठवायचाय, पण ‘अनुभव’पाशी पेन अडतं. कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) केलं, बाबांच्या किराणा दुकानात बसते, एवढंच.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : अगं, आधी ते ‘एवढंच’ खोडून टाक. कारखान्यात भरतीचं काम करताना असे कितीतरी अर्ज माझ्या हाताखालून गेले, आणि दरवेळी जीव हळहळायचा. दुकानात तू नेमकं काय करतेस? उधारीची वही लिहितेस, रात्री गल्ला जुळवतेस, घाऊक व्यापाऱ्याचं बिल आलेल्या मालाशी ताडून बघतेस? अकाउंट्सचं काम याहून वेगळं काय असतं! मग तसंच लिही : ‘घरचे किराणा दुकान, 2 वर्षे. रोजचा गल्ला जुळवणे, 40 गिऱ्हाइकांची उधारी सांभाळणे.’ आकडे मात्र तुझे, खरे हवेत; मुलाखतीत मी पहिलं बोट त्यांच्यावरच ठेवायचे.

एनएसएसचे वर्षाला 120 तास असतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तिथे जेवणाखाण्याचा हिशेब तुझ्याकडे असेल तर तो आवर्जून लिही. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत असेल, तर नुसत्या ‘टॅलीचे ज्ञान’ एवढ्याने काही कळत नाही. खरेदी, विक्री, जमा, खर्च यांतली कोणती व्हाउचर्स, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, स्वतः भरलीस ते सांग.

जात, उंची, रंग हे लग्नाच्या बायोडेटातलं, इथे नको. आधार क्रमांकही नको. एक पान पुरे. फाइल पीडीएफ कर आणि तिला स्वतःचं नाव दे.