‘सिकनेस बिहेविअर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: गुळवेलीचा अर्क उंदरांना देऊन ‘सिकनेस बिहेविअर’ (आजारपणात प्राण्याचं बदलणारं वागणं) तपासणाऱ्या प्रयोगाबद्दल मराठीत लिहायचं आहे. ‘आजारी वागणूक’ चालेल का?

माझ्या मते नको. ‘आजारी मानसिकता’ म्हणतो तशी इथे वागणूकच बिघडलेली वाटते. ‘रुग्णवर्तन’ म्हटलं की दवाखान्यातला पेशंट डोळ्यांपुढे येतो.

अशा प्रयोगात बहुधा उंदराला ई. कोलायसारख्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ टोचतात. जिवंत जंतू एकही नसतो. तरी प्रतिकारयंत्रणा सायटोकाइन्स (पेशींमधली निरोप्या प्रथिनं) सोडते, मेंदूला वर्दी पोचते आणि काही तासांत उंदीर अंग आखडून बसतो, खाणं टाकतो, दुसऱ्या उंदराला हुंगायलाही जात नाही. साखरेच्या पाण्याची ओढसुद्धा कमी होते. पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली मांडलं की ही नुसती अशक्तता नव्हे. तापाला लागणारी शक्ती शरीर अशा रीतीने राखून ठेवतं.

आपल्याकडे या अवस्थेसाठी शब्दांची चंगळ आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ज्वराच्या पूर्वरूपात, म्हणजे ताप येण्याआधीच्या लक्षणांत, श्रम, अरती (बेचैनी), जांभया, अंगमर्द (अंग मोडून येणं), अरुची येतात. घरात आपण कणकण, कसकस, मरगळ म्हणतो, अन्नावरची वासना उडाली म्हणतो. पण कणकण ज्याची त्यालाच कळते, आणि उंदीर ती सांगू शकत नाही. संशोधकाला दिसतं ते फक्त बाहेरचं. नेमकं तेच टिपणारा शब्द आहे ‘मलूल’. ताप मोजण्याआधीच आई म्हणते, “पोर आज मलूल दिसतंय.” मूळ अरबी ‘मलूल’ म्हणजे कंटाळलेला, खिन्न; तो फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीने त्यात कोमेजलेपण भरलं. किती सुंदर भर आहे ही! शिवाय हा शब्द रोगनिदान करत नाही, म्हणून संसर्ग नसलेल्या उंदरालाही तो बसतो.

शास्त्रीय मजकुरात पहिल्यांदा ‘आजारवर्तन (मलूलपणा)’ लिहावं, पुढे नुसतं ‘मलूलपणा’.

प्रतिकारयंत्रणेच्या अशा प्रतिसादाला इंग्रजीत ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात; त्याला ‘सूज’ इथे अपुरी पडते, कारण डोळ्याला काहीच सुजलेलं दिसत नाही, ‘दाह’ बरा. आणि ‘प्रोटेक्टिव्ह’चं, म्हणजे बचाव करणाऱ्याचं, ‘गुणकारी’ करू नका. अर्क आधी दिलेला असेल तर त्याने काही बरं केलेलं नसतं. प्रश्न एवढाच असतो: ‘गुळवेल आधी दिल्यास दाहामुळे येणारा मलूलपणा टळतो का, निदान कमी येतो का?’