डुगडुगणारी खुर्ची, डागाळलेले टेबल: आधी सांधे, मग पॉलिश

घरातली जुनी लाकडी खुर्ची डुगडुगते, टेबलाच्या फळीवर पांढरे आणि काळे डाग पडले आहेत, पॉलिश काळवंडले आहे, तेव्हा सगळे मशीनने घासून नव्याने पॉलिश करावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, मशीन तूर्त बाजूला ठेवावे. मी बरीच वर्षे जुन्या फर्निचरची दुरुस्ती घरीच करत आलो आहे. या कामात पॉलिशची पाळी शेवटी येते. आधी सांधे पक्के करावे लागतात, मग सफाई करावी लागते, आणि एवढे झाल्यावर जुने पॉलिश काढण्याची गरजच नव्हती, असे पुष्कळदा लक्षात येते. लाकडाचा वरचा थर एकदा घासला गेला की तो परत येत नाही, आणि उजेडाने व हवेने वर्षानुवर्षे लाकडाला चढलेला रंगही त्याच्याबरोबर जातो.

खुर्चीपासून सुरुवात करावी. ती उलटी करून एकेक पाय हाताने हलवून पाहावा आणि जो सांधा हलतो त्यावर खडूने खूण करावी. अशा खुर्च्यांत बहुधा एका लाकडाचे तासून बारीक केलेले टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत गोंदाने बसवलेले असते. हवेतला दमटपणा वाढला की लाकूड आपल्या रेषांना, म्हणजे तंतूंच्या दिशेला, आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, लांबीच्या दिशेने मात्र ते जवळजवळ हलत नाही. कुसू आणि खाच यांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे ही ओढाताण वर्षानुवर्षे सांध्यावरच येते आणि शेवटी गोंद सुटतो. अशा सांध्यात खिळा ठोकण्याचा मोह होतो, पण तो कृपा करून टाळावा. खिळ्याने काही महिने सांधा घट्ट वाटतो, पुढे लाकूड त्याच जागी चिरते, आणि मग जी दुरुस्ती नुसत्या गोंदाने झाली असती तिच्यासाठी लाकडाचा नवा तुकडा जोडावा लागतो.

सैल सांधा पूर्ण उघडावा. त्याआधी प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहावा, कारण चार पाय दिसायला सारखे असले तरी प्रत्येकाचे कुसू आपापल्या खाचेतच नीट बसते. लाकडी मोगरीने, मध्ये फळीचा तुकडा धरून, हलके ठोके देत सांधा मोकळा करावा. आत तपकिरी, काचेसारखे तडकणारे कण दिसले आणि ओल्या बोटाने ते चिकट झाले, तर तो सरस आहे असे समजावे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुतारकामात जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून केलेला हा सरसच मुख्यतः वापरला जात असे. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके काही मिनिटे लावून ठेवले की तो मऊ होतो आणि खरवडून निघतो. आपण वापरणार तो पांढरा गोंद लाकडाच्या रंध्रांत शिरून पकड घेतो, जुन्या गोंदाच्या थरावर तो धरत नाही, म्हणून कुसू आणि खाच दोन्ही स्वच्छ लाकूड दिसेपर्यंत साफ कराव्यात. मात्र साफ करताना कुसू झिजवू नये. ते आधीच सैल असेल, तर लाकडाचा पातळ पापुद्रा गोंदाने चिकटवून त्याची जाडी भरून काढावी.

गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावावा, सांधा बसवून क्लॅम्पने आवळावा आणि बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसावा, कारण गोंद वाळून राहिलेल्या जागी पुढे पॉलिश मुरत नाही आणि फिकट ठिपका दिसतो. क्लॅम्प नसतील तर जाड दोरीचा फास घालून त्यात काठी पिळली तरी पुरेसा दाब मिळतो. गोंद वाळण्यापूर्वी बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत ना हे पाहावे आणि खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात की नाही ते पाहावे. नंतर 24 तास तिला हात लावू नये.

आता सफाई. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे काही थेंब टाकून, फडके घट्ट पिळून, एकेक भाग पुसावा आणि लगेच कोरडा करावा. फडक्यावर येणारा काळपट थर पाहिला की, आपण ज्याला काळवंडलेले पॉलिश म्हणत होतो त्यातला बराचसा भाग धूळ, हातांचे तेल आणि जुने मेण यांचा होता, हे कळते. याच वेळी बारीक छिद्रे आणि त्यांच्याखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला, तर कीड अजून जिवंत आहे, आणि तिच्यावर औषध केल्याशिवाय पुढचे काही करू नये.

टेबलावरचे पांढरे आणि काळे डाग मुळातच वेगळे आहेत. पांढरे वर्तुळ म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. खालचे लाकूड तिथे बहुधा शाबूत असते. सर्वांत बारीक, म्हणजे 0000 क्रमांकाची स्टील वूल (पोलादाच्या बारीक तंतूंचा लोकरीसारखा पुंजका) थोड्या मेणात भिजवून रेषांच्या दिशेने हलकेच फिरवली की ते बहुतेक वेळा निघून जाते. काळा डाग मात्र पॉलिश ओलांडून लाकडात शिरलेला असतो. लाकडातले टॅनिन नावाचे तुरट द्रव्य आणि ओलाव्याबरोबर आलेले लोह यांच्या संयोगाने तो तयार होतो आणि कितीही घासले तरी खोलवर तसाच राहतो. त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे पाण्यातले द्रावण चालते, पण ते विषारी असल्याने हातमोजे आणि चष्मा घालूनच लावावे, नंतर ती जागा स्वच्छ पाण्याने दोनतीनदा पुसून पूर्ण वाळू द्यावी. हे द्रावण उघड्या लाकडावरच काम करते, म्हणजे काळा डाग काढायचा असेल तर निदान त्या फळीचे तरी पॉलिश उतरवावे लागेल.

जुने पॉलिश कोणते, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. फळीच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावावे. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला रंग आला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही आणि लॅकरच्या थिनरने थर मऊ झाला, तर ते लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळवून लावलेले लवकर वाळणारे पॉलिश, आहे. दोन्हींना दाद न देणारा थर बहुधा व्हार्निश किंवा पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या टणक लेपाचा, असतो. लाखेचे निघाले तर आनंद मानावा, कारण त्यावर नवी लाख लावली की तिच्यातले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही थर एकजीव होतात. खुर्चीला तर एवढेच पुरे होईल.

फळीचे पॉलिश उतरवताना लाखेसाठी स्पिरिट आणि बोथट पट्टी पुरते, टणक थरासाठी रिमूव्हर, म्हणजे थर मऊ करून काढणारे रसायन, लागतो, आणि तो मोकळ्या हवेतच वापरावा. वर रंग दिलेला असेल आणि तो फार जुना असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता धरून कोरडे घासणे पूर्णपणे टाळावे. उघड्या लाकडावर पॉलिश पेपर 120, 180, 220 या क्रमाने, म्हणजे भरडाकडून बारीककडे, नेहमी रेषांच्या दिशेने फिरवावा. आडवी घासलेली रेघ कोरड्या लाकडावर दिसत नाही, पॉलिशचा पहिला हात बसताच ती उठून दिसते. म्हणून घासून झाल्यावर फळीवर ओले फडके फिरवून खिडकीच्या तिरप्या उजेडात ती नीट पाहावी. त्या ओलाव्याने उभे राहिलेले तंतू वाळल्यावर 220 ने हलकेच काढावेत.

नव्या थरासाठी माझी पसंती चपडा लाखेला, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणाऱ्या शुद्ध लाखेला, आहे. साधारण 250 ग्रॅम लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवावी, गाळावी, आणि सुती फडक्याच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. द्रावण लागेल तेवढेच करावे, कारण फार दिवस साठवलेली लाख नीट कडक होत नाही. लाख गरम भांडे आणि सांडलेले स्पिरिट सहन करत नाही, तेव्हा हे रोजच्या जेवणाचे टेबल असेल तर फळीला पॉलियुरेथेन आणि पायांना लाख, असा निर्णय मी घेईन. अळशीचे तेल वापरणार असाल, तर तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून बाहेर पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

फळी चौकटीवर परत बसवताना ती गोंदाने चिकटवू नये आणि स्क्रूची छिद्रे फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, म्हणजे फळीला फुगायला आणि आकसायला जागा राहील. जुन्या टेबलांच्या फळ्या मधोमध फाटलेल्या दिसतात त्या बहुतेक ही जागा न मिळाल्यामुळेच, तेव्हा आपल्या टेबलाची फळी आज कशी बसवलेली आहे, हे ती सोडवतानाच पाहून ठेवावे.