दुसऱ्या देशाच्या लढाईत मारल्या गेलेल्या भारतीय जवानाला हुतात्मा म्हणावं का?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे, "शेवटी ते पगारासाठीच गेले होते ना?" हे उत्तर त्या ओळीसाठी आहे. वरच्या प्रश्नाला इतर लोक उत्तर देतील.

माझे बाबा महार रेजिमेंटमध्ये होते. १९८७ साली त्यांची पलटण श्रीलंकेला गेली तेव्हा ते नाईक होते. आमच्याच वाडीतला त्यांचा जोडीदार त्यांच्याबरोबर होता. दोघं एकाच दिवशी भरती झाले, रेजिमेंटच्या सागरच्या सेंटरला एकाच बराकीत राहिले, सुट्टीवर एकाच एसटीनं गावी यायचे. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांचं नाव आणि गावाचं नाव इथे लिहीत नाही. काकी अजून आहे आणि तिला विचारलेलं नाही. रत्नागिरीतला खेड तालुका, एवढं पुरे.

काका फौजेत का गेले, तर घर बांधायला. आमच्या वाडीत तेव्हा चिऱ्याचं एकही घर नव्हतं, सगळी कुडाची. पगारातून पैसे साठवून ते एकेक गाडी चिरे टाकत होते. आणि दुसरं कारण बाबा सांगतात ते असं, की गावात जातीनं हाक मारणारे लोक काळी ट्रंक घेऊन उतरलेल्या माणसाला 'फौजी' म्हणून हाक मारतात. तर होय, पगारासाठी गेले होते. शिक्षक पगारासाठी शिकवतो, डॉक्टर पगार घेऊन ऑपरेशन करतो. पगार घेतला म्हणून मरण स्वस्त होतं, हे गणित फक्त सैनिकालाच का लावता?

२९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंकेचा करार झाला. जवानांना सांगितलं होतं की शांतता राखायला जायचंय, तमिळ वाघ (तिथं वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणारी संघटना) शस्त्रं खाली ठेवतील, ती मोजून घ्यायची. बाबा सांगतात, सुरुवातीला लोकांनी हार घातले होते. ऑक्टोबरात त्याच लोकांच्या गल्ल्यांतून गोळ्या यायला लागल्या. 'ऑपरेशन पवन' सुरू झालं ते तेव्हा. हातातल्या नकाशांचा भरवसा नाही, भाषा कळत नाही, समोर लुंगी नेसलेला पोरगा वाघ आहे की विद्यार्थी ते कळत नाही, आणि रस्त्यांखाली सुरुंग.

काका गेले ते सुरुंगात. नोव्हेंबर महिना. रस्ता तपासत पुढं जाणाऱ्या तुकडीत दोघंही होते. एका मोरीखाली स्फोट झाला. बाबांचा डावा कान तेव्हापासून गेला. काकांच्या अस्थी आल्या. देह आला नाही, तेव्हा आणत नसत. मी दुसरीत होते. जलदान विधीला सगळी वाडी जमली होती आणि काकी जोत्यावर बसली होती, कारण घराचं तेवढंच झालं होतं. बाबांनी काकांची ट्रंक स्वतः आवरली होती. तिच्यात अर्धं लिहिलेलं अंतर्देशीय पत्र होतं, ५६ एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपालाचा, पत्ता घातलेलं. शेवटची ओळ अशी, "गडग्याकडच्या बाजूला चिरे कमी पडतील, बाबूला सांगून". पुढं कोरं. ते पत्र काकीकडे अजून आहे.

त्याच महिन्यात, २५ नोव्हेंबरला, ८ महारचे (महार रेजिमेंटची आठवी पलटण) मेजर रामस्वामी परमेश्वरन मारले गेले. मुंबईत जन्मलेला माणूस. रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात झाला. ते उलट वळसा घालून हल्लेखोरांच्या मागे गेले. हातघाईत छातीत गोळी लागली, तरी त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच पाडलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आमच्या गावात हे नाव विचारलं तर दोन माणसं सांगतील, त्यातले एक बाबा.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत प्रत्येक ग्रामपंचायतीनं शिलाफलक उभारायचा होता. त्यावर गावातले स्वातंत्र्यसैनिक आणि कर्तव्यावर मरण आलेले सैनिक, पोलीस यांची नावं. मी ठाण्याला असते, पण नावांची सभा होती म्हणून मुद्दाम रजा काढून गेले. शाळेच्या व्हरांड्यात सभा. पाऊस धो धो, लाइट गेलेली. यादी वाचली, काकांचं नाव नाही. बाबांनी हात वर केला. एक तरुण सदस्य म्हणाला, "श्रीलंकेत कसलं युद्ध झालं होतं?" तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला ते जास्त लागलं.

मग उठला माझा सख्खा मामा. निवृत्त शिक्षक, वाचणारा, चळवळीतला माणूस. मला लिहायची-बोलायची सवय लावली ती त्यानंच. तो म्हणाला की ते युद्ध चुकीचं होतं, सरकारनं दुसऱ्याच्या घरात पाय घातला, तमिळांनाही आपण नको होतो आणि सिंहलींनाही नको होतो. अशा लढाईत मेलेल्याला आपण हुतात्मा म्हणून दगडावर कोरलं, तर उद्या कुठलंही सरकार कुठंही पोरं पाठवायला मोकळं. "दुःख करा, मान देऊ नका," असं त्याचं वाक्य. हा वाद आमच्या घरात १९८९ पासून आहे, बाबा परत आल्यापासून. गणपतीत, लग्नात, आजीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीसुद्धा झालेला आहे.

मामाच्या अर्ध्या म्हणण्याशी मी सहमत आहे. ती मोहीम चूक होती असं मलाही वाटतं. आपले अकराशेहून जास्त जवान तिथे गेले आणि हाती काय लागलं? १९८९ मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच 'निघा' म्हटलं. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासच्या बंदरात उतरल्या तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तिथं शिव्या आणि इथं पाठ, असं परत येणं ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्या घरातली मी आहे. बाबा कितीतरी वर्षं श्रीलंकेचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे.

पण मामा, तू दर १ जानेवारीला कोरेगाव भीमाला जातोस ना? न चुकता. मी लहान असताना मला खांद्यावर घेऊन गेलायस. त्या जयस्तंभावरची, शेवटी 'नाक' असलेली महार शिपायांची नावं मला तूच बोटानं दाखवलीस. १८१८ ची ती लढाई कुणाची होती? कंपनी सरकारची. ती माणसं कुणाच्या पगारावर होती? कंपनीच्याच. तरी बाबासाहेब १९२७ साली तिथं गेले, आणि आपण जातो, आणि जायलाच पाहिजे. कारण तिथं आपण कंपनीला सलाम करत नाही, त्या नावांना करतो. पुढे त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. मग आपल्या दापोलीत बसून निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, की आम्हाला पुन्हा फौजेत घ्या. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता. काका ज्या दारातून आत गेले ते दार उघडायला इतकी वर्षं लागली होती. त्या स्तंभापुढे हात जोडायचे आणि काकांच्या नावाला 'युद्ध चुकीचं होतं' म्हणायचं, हे मला पटत नाही. सभेत मी हे असंच बोलले, थोडं जास्त मोठ्यानं.

मामा म्हणाला, कोरेगावची लढाई आपल्या माणूसपणाची होती. मी म्हटलं, मग चिऱ्याचं घर कशाचं होतं?

कुणीतरी मध्येच माणगावच्या यशवंत घाडगेंचं नाव काढलं. मुंबईहून येताना माणगावला त्यांचा पुतळा आहे, तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, वय २२. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबरचं खोरं. हाताखालची सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली, तेव्हा हा एकटा मशीनगनवर धावून गेला. ग्रेनेड टाकला, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं दोघांना मारलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. देहही सापडला नाही, कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. सभेत त्यांच्याबद्दल सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही विचारलं नाही की इटलीत रायगडच्या पोराचं काय काम होतं. राजा इंग्रजांचा, लढाई इंग्रजांची, आणि देश तर आपल्या ताब्यातही नव्हता! आमच्या सभेच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलै २०२३ मध्ये, इटलीतल्या मोंतोने नावाच्या छोट्या गावानं घाडगेंच्या नावानं स्मारक उघडलं, सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या घड्याळाच्या रूपात. इटलीतल्या गावाला आपल्या पोराचं नाव लिहिता येतं आणि आम्हाला आमच्या वाडीतल्या माणसाचं लिहिता येत नाही.

मी मोबाइलवर दुसराही फोटो दाखवला. कोलंबोजवळ बट्टरमुल्लाला श्रीलंका सरकारनं भारतीय जवानांचं स्मारक बांधलंय, काळ्या दगडावर नावं कोरून. ज्यांनी 'निघा' म्हटलं त्यांनी. भारतात दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये उघडलं, तिथल्या त्याग चक्राच्या भिंतींवर ऑपरेशन पवनमधली नावं आहेत. काकांचं मी स्वतः हात लावून पाहिलंय. म्हणजे कोलंबोला आहे, दिल्लीला आहे, गावात नाही.

बाबा शेवटी उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नाही. ते मामाकडे बघत नव्हते, यादी हातात असलेल्या ग्रामसेवकाकडे बघत होते. म्हणाले, "तो माझ्या पुढं चालत होता. पाठवलं कुणी, ते दिल्लीला विचारा. नाव इथं लिवा."

आमच्या गावच्या चावडीवर एक जुनी संगमरवरी पाटी आहे, इंग्रजांनी लावलेली. अशा पाट्या साताऱ्या-रत्नागिरीकडे गावोगाव दिसतील. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे, नाव एकाचंही नाही. त्यात माझ्या पणजोबांचा भाऊ आहे असं आजी सांगायची. असेल, पण आकड्यातून माणूस ओळखायचा कसा? बाबांना काकांचं तसं व्हायला नको होतं, बाकी त्यांना हुतात्मा शब्दाशी काही देणंघेणं नाही.

शब्दाचं विचारलंत म्हणून सांगते. 'शहीद' हा शब्द फौजेत अधिकृत नाहीच, सरकारनं संसदेत हे सांगितलेलं आहे. आपल्याकडे 'हुतात्मा' म्हटलं की १९४२ आणि संयुक्त महाराष्ट्र डोळ्यांपुढे येतो, म्हणून काहींना तो सैनिकाला लावायला जड जातो. तुम्हाला जड जात असेल तर नका लावू. कामी आला म्हणा, जुना आणि चांगला शब्द आहे. पण परदेशात मेला म्हणून वेगळा शब्द आणि कारगिलला मेला म्हणून वेगळा, असं करू नका. जवानाला नकाशा निवडता येत नाही. काँगोत १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत लढताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, त्यांनाही परमवीर चक्रच मिळालं, दुसऱ्या प्रतीचं काही नाही.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीतर मी प्रामाणिक नाही. २१ ऑक्टोबर १९८७ ला उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या फौजेच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, रुग्ण मारले गेले. ही अफवा नाही. जाफन्याच्या एखाद्या बाईनं मला विचारलं की तुमच्या जवानांना मी का मान देऊ, तर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी तिच्याशी वाद घालणार नाही. बाबांना एकदा मी हे विचारलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मी तिथं नव्हतो, पण वर्दी तीच होती." त्यामुळे मी जो मान मागतेय तो मोहिमेसाठी नाही आणि सगळ्या फौजेच्या सगळ्या कृत्यांसाठीही नाही. वर वाचताना तसं वाटलं असेल तर ही दुरुस्ती समजा. मामाची भीतीही खोटी नाही. दगडावर नावं कोरून पुढची पोरं पाठवणारे असतात. त्यांना अडवायचं तर मतदानाच्या दिवशी अडवा, विधवेच्या दारात नको.

काकांचं नाव लागलं. सर्वांत खाली, उशिरा जोडल्यासारखं दिसतं. बाकीच्या सैनिकांपुढे ठिकाण आणि साल आहे, त्यांच्यापुढे जागा कोरी. मी दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं, कारागीर पुन्हा बोलावणं परवडत नाही. काकीला वाचता येत नाही, पण ती पंधरा ऑगस्टला जाते आणि त्या कोऱ्या जागेवर फूल ठेवते, कारण तिच्या हाताला तेवढंच सपाट लागतं.

पुढच्या महिन्यात मी गावी जातेय. चिपळूणच्या पाथरवटाशी बोलणं झालंय, 'जाफना, १९८७' एवढीच अक्षरं आहेत, पैसे मी देणार आहे. ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घेतली आहे. मामाला अजून सांगितलेलं नाही.