रोजच्या वापराच्या मारुती एस्टीमला २७२ चा कॅम घ्यावा की २८८ चा?

दोन विक्रेत्यांच्या कॅमचे आकडे शेजारी ठेवून तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर: २७२. तोही सगळ्यात शेवटी, हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) आणि कॉम्प्रेशनचं (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं) काम झाल्यावर. कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडमीट करणारा दांडा, आणि हा आकडा म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो तो. तुमची गाडी माझ्यासारखीच, १२९८ सीसीची १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), आणि रोज ऑफिसला न्यायची. मी तिच्यात २८८ चा घातला होता. त्यावरून आमच्या घरात बारा वर्षं वाद चालू आहे, म्हणून एवढं लिहितोय.

थोरला मावसभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "घालायचाच तर मोठा घाल, पोरखेळ नको." ऐकलं. कोल्हापुरात मूळ कॅमच घासून घेतला. पहिल्या रात्री मोकळ्या हायवेला ४५०० च्या वर गाडी अशी सुटली की मी दादाला फोन करून अक्षरशः ओरडलो.

पुढच्या शुक्रवारी पुण्याहून गावाला निघालो. बायको, मुलगी, आई, डिकीत सामान. खंबाटकी घाटात भरलेल्या ट्रकच्या मागे अडकलो. दुसऱ्या गियरला २००० आरपीएम, पाय तळाला, आणि पुढे नुसती घरघर. पहिला टाकला तर इंजिन बोंबलतंय. अर्ध्या क्लचवर ओढली तशी क्लचप्लेटचा जळका वास आत आला. थांबलो की आयडलिंग ७०० ते १४०० नाचायचं, एसी लावला की बंद. सरकत सरकत दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगड. आई मागून म्हणाली, "अरे, हिला दमा आहे का?"

दम्याचं कारण साधं आहे. २८८ ला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. कमी आरपीएमला पिस्टन वर येताना आत घेतलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आत आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. ब्रोशरमध्ये कॉम्प्रेशन तेवढंच, सिलिंडरमध्ये मात्र कमी. ओव्हरलॅपमुळे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह काही वेळ एकदम उघडे राहिल्याने, आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो, आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. ईसीयूही (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डचा दाब बघूनच पेट्रोल ठरवतो, त्याला वाटतं थ्रॉटल उघडलाय. कंपनीच्या स्टॉक ईसीयूवर २७२ सुद्धा काठावरच बसतो.

दादाचं आजही एकच पालुपद: "कॅम चांगला होता, तू वाकडा बसवलास." दादा, पुण्यातल्या सिग्नलना कोण ६५०० ला गाडी चालवतं? कॅम घेताना दिवसातला जास्त वेळ आरपीएमचा काटा जिथे असतो तो आकडा बघायचा, डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावरचं टोक नाही.

तुम्ही दोन विक्रेत्यांचे आकडे शेजारी ठेवलेत, ते तसे ठेवता येत नाहीत. एक जण व्हॉल्व्ह हलल्यापासून मोजतो, दुसरा १ मिमी उचलल्यापासून. त्यात चाळीसेक अंशांचा फरक पडू शकतो. आधी ते विचारा, मग लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती मिमी उचलला जातो ते, विचारा. लिफ्ट वाढली की जुन्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात का ते बघावं लागतं. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकेल का ते बघायला पिस्टनवर पोरांची क्ले थापा, हेड बसवा, टॅपेटची फट लावा, टायमिंग जुळवा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढून क्ले कापा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच मिमी जाडी नसेल तर तो कॅम परत करा. "बसतोय हो, चालतंय" म्हणणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून निघा.

आणि हो, आरटीओने बेकायदा फेरफार ठरवला तर २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीत प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आयडल नाचणारी गाडी पीयूसीलाही रडवते. हे आधी सांगायला हवं होतं.

अजून एक. माझ्याकडे तेव्हा डिग्री व्हील (अंश मोजायची चकती) नव्हतं, खुणा जुळवून टायमिंग बेल्ट चढवला होता. घासलेल्या कॅमला खुणांवर भागत नाही, दोन-चार अंश इकडेतिकडे गेले असतील. पण चार अंशांनी खंबाटकीत गाडी अशी मरत नाही, दादा.